गाडीतली टुंगटुंग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मी सीटबेल्टच्या नकली क्लिपबद्दल (बेल्ट न लावताच गाडीची टुंगटुंग बंद व्हावी म्हणून बेल्टच्या खाचेत खोचतात ती) चार ओळी लिहिल्या होत्या, की गॅरेजात येणाऱ्या गाड्यांमधे ही क्लिप लई दिसायलीय, काढून फेकून द्या म्हणून. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप आलेत की यावेळचं सगळं सदर गाडीतल्या आवाजांवरच जाणार. बीडमधे ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून बावीस वर्षं झाली, वायरिंगचंच काम, त्यामुळं पुढं जे सांगतो ते बरंचसं माझ्या हाताखालून गेलेलं आहे.

प्रश्न (गेवराई) : मी रोज गेवराई-बीड ये-जा करतो. बेल्ट लावला नाही की गाडी टुंगटुंग करून डोकं उठवते, म्हणून एका दुकानातून ती क्लिप घेतली, शंभर रुपयाला मिळाली. तुम्ही म्हणता काढा. पण रस्ता रोजचा, गाडी मी 60-70 च्या वर नेत नाही, आणि एअरबॅग तर आहेतच की. मग काय फरक पडतो?

उत्तर : फरक पडतो दादा, आणि तुमच्या प्रश्नातच तो आहे, "एअरबॅग तर आहेतच". हे वाक्य मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बेल्टच्या बकलमधे एक बारका स्विच असतो. पट्टीचं लोखंडी टोक आत गेलं की स्विच दबतो, आणि सीटखालून जाणारी वायर गाडीच्या एअरबॅगवाल्या कॉम्प्युटरला सांगते की बेल्ट लागला. तुम्ही आत नुसती क्लिप घातली तरी तो स्विच दबतोच, म्हणजे तुम्ही टुंगटुंग बंद केली असं तुम्हाला वाटतं पण खरं तर तुम्ही गाडीला खोटं सांगितलं. अॅक्सिडेंटच्या वेळी हाच कॉम्प्युटर निर्णय घेतो. बेल्टमधे प्री-टेन्शनर असतो, धडक बसली की तो पट्टा झटक्यात मागं ओढतो आणि माणसाला सीटला आवळून धरतो, तुमच्या गाडीत तो मोकळाच पट्टा ओढणार. आणि एअरबॅग डोळ्याची पापणी मिटायच्या आत फुगते, तिचा जोर कसा असतो ते फुटलेली बॅग बदलताना मी बघितलंय, डॅशबोर्डचं झाकण चिरून बाहेर येते ती. बेल्ट नसलेला माणूस ब्रेक लागल्याबरोबर आधीच पुढं सरकलेला असतो, म्हणजे फुगत असलेल्या बॅगवरच जाऊन आदळतो. स्टेअरिंगवर एसआरएस लिहिलेलं असतं बघा, त्यातला पहिला एस सप्लिमेंटलचा, म्हणजे पूरक. बेल्टला पूरक. बेल्ट नसेल तर ती कशाला पूरक?

आता 60-70 चं. ताशी 50 ने जाणारी गाडी एकदम थांबली तर आतल्या माणसाला बसणारा मार हा साधारण 32 फुटांवरून खाली पडल्याइतका असतो. आपल्याकडची कोरडी विहीर डोळ्यासमोर आणा, वरून आत बघा. तुम्ही तर 60-70 म्हणताय.

ही क्लिप विकणंसुद्धा सरकारला चालत नाही. मे 2023 मधे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विकायच्या बंद करा असा आदेश दिला आणि 13,118 जाहिराती काढायला लावल्या. त्याच वेळी हेही सांगितलं की अशी क्लिप लावलेली असली तर विमा कंपनी निष्काळजीपणा म्हणून क्लेम नाकारू शकते. केंद्र सरकारच्याच आकड्यात 2021 साली बेल्ट न लावलेले 16,000 च्या वर लोक देशात रस्त्यावरच्या अपघातात गेलेत, त्यात जवळपास निम्मे ड्रायव्हर नव्हते, नुसते बसलेले होते. दंड एक हजार आहे ते तर तुम्हाला माहीतच असेल पण दंडासाठी कोणी बेल्ट लावू नये असं मला वाटतं, बायकापोरांसाठी लावावा.

आणि टुंगटुंगचा राग फक्त आपल्याकडंच येतो असं नाही. अमेरिकेत 1974 च्या मॉडेलच्या गाड्यांना अशी सोय केली होती की पुढच्या सीटचा बेल्ट लावल्याशिवाय गाडी चालूच होणार नाही. लोकं इतकी चिडली की त्याच वर्षी तिथल्या संसदेनं कायदा करून ती सोय बंद करायला लावली, वर बझरसुद्धा 8 सेकंदाच्या वर वाजायची सक्ती करता येणार नाही असं ठरवलं. ती 8 सेकंदाची मर्यादा उठायला 2012 उजाडलं. म्हणजे मधली 38 वर्षं. आपल्याकडं उलटं झालं, 1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटला आवाजाचा रिमाइंडर सक्तीचा केला, आणि मग लोकांनी क्लिपा शोधल्या.

मागच्या महिन्यात एक चार वर्षं जुनी गाडी आली होती माझ्याकडं, वेगळ्याच कामासाठी. क्लिप दिसली म्हणून मी ती काढली आणि ड्रायव्हरचा पट्टा सहज पूर्ण बाहेर ओढला. वरचा वीतभर पट्टा धुळीनं मळकट, आणि आतला सगळा कोरा, दुकानातल्यासारखा, त्याच्यावरची कंपनीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. चार वर्षांत एकदाही कोणी तो ओढला नव्हता. मालक शेजारी उभे होते, ते काही बोलले नाहीत, पण जाताना बेल्ट लावून गेले.

तुमची खरी अडचण टुंगटुंग नाही, बेल्ट नको वाटतो ही आहे. का नको वाटतो ते बघा. मानेला घासत असेल तर दाराच्या खांबावर जिथून पट्टा येतो तिथं बऱ्याच गाड्यांत वर-खाली करायचं बटण असतं, एक घर खाली घ्या, पट्टा खांद्याच्या मधोमध आला पाहिजे. पट्टा अडकत असेल, सावकाश परत जात असेल तर तो आपल्या धुळीनं चिकट झालेला असतो, पूर्ण बाहेर ओढून कोमट पाण्यात साबण करून फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा, मगच आत सोडा. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रश्न (लातूर) : शेजारच्या सीटवर कोणी नसताना पण बेल्टचा आवाज येतो. मी शाळेत शिकवते, तिथं माझी पर्स आणि वह्यांची पिशवी असते. बिघाड आहे का?

उत्तर : बिघाड नाही ताई. त्या सीटच्या गादीखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो, वह्यांची पिशवी त्याला माणूस वाटते. पिशवी खाली पाय ठेवायच्या जागेत ठेवा किंवा मागं. तिथंच ठेवायची असेल तर सरळ बेल्ट लावून टाका पिशवीला, तेपण चांगलंच, ब्रेक मारल्यावर वह्या गिअरवर येत नाहीत. पण सीट रिकामी असताना आवाज येत असेल तर मात्र सीटखालचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सैल झालेला असतो, गाडी धुताना पाणी गेलं की होतं असं. तो बघून घ्या. स्वतः वायर ओढू नका, तिथून एअरबॅगच्यापण वायरी जातात.

प्रश्न (अंबाजोगाई) : नवी गाडी घेतली, मागच्या सीटवरच्यांनी बेल्ट लावला नाही तरी आवाज येतो. सीट कव्हर बसवणाऱ्यानं मागची बकलं कव्हरखाली दाबून टाकली होती, आता तो म्हणतो आवाज बंद करून देतो, वायर काढली की झालं. आमच्या घरात मागं बेल्ट कोणीच लावत नाही. काय करावं?

उत्तर : वायर काढू देऊ नका. कव्हर फाडा.

मी जरा रागानं लिहितोय पण हे कव्हरवाले जे करायलेत ते बघवत नाही. मागची बकलं कव्हरखाली गेलेल्या गाड्या मी रोज बघतो, दहा-बारा लाखाच्या गाड्या, आणि मागं बसणाऱ्यासाठी बेल्ट आहे का नाही हेच घरच्यांना माहीत नसतं. पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असते काही गाड्यांत, तिथं सीटवर तसं लेबल शिवलेलं असतं, त्याच्यावरसुद्धा जाड रेक्झिन घट्ट शिवून देतात, मग ती बॅग फुटणार कुठून? कव्हर घ्यायचंच तर बकलाला आणि त्या बाजूला कापलेलं घ्या.

मागं बसलं म्हणजे सुरक्षित, हा समज आपल्या मराठवाड्याला फार महागात पडलाय. 3 जून 2014 ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे साहेबांच्या गाडीला धडक बसली तेव्हा ते मागच्या सीटवर बसलेले होते. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्यावेळचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन, जे स्वतः डॉक्टर, त्यांनी नंतर जाहीर सांगितलं की बेल्ट लावला असता तर ते वाचले असते, मागचा बेल्ट नुसता शोभेचा असतो या समजुतीपायी मित्र गमावला. तुम्ही अंबाजोगाईचे, परळी तुमच्या शेजारी, त्या दिवशी आपल्या जिल्ह्यात काय अवस्था होती ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. परत 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीत तेच, पुढचे दोघं वाचले आणि मागचे दोघं गेले, मागच्यांचे बेल्ट लावलेले नव्हते. त्यानंतर मागच्या सीटच्या रिमाइंडरचा विषय सरकारनं लावून धरला, म्हणून आज तुमची नवी गाडी मागच्यासाठीपण वाजायलीय.

आणखी एक, मागचा बिनबेल्टचा माणूस फक्त स्वतः जात नाही, तो पुढच्या सीटवर जाऊन आदळतो, म्हणजे पुढं बेल्ट लावून बसलेल्यालाही तो मारतो. आजीला मागं बसवत असाल तर पट्टा पोटावर नको, खाली मांडीच्या हाडावर बसवा, आणि नऊवारीचा ओचा आडवा येतो तो आधी सारखा करून मग बकल लावा. पहिल्या दोन वेळेला कटकट करतील, नंतर स्वतःच मागतात.

प्रश्न (जालना) : समृद्धीवर लिमिट 120 चं आहे आणि माझी गाडी 80 पासूनच बीप करते. हा आवाज बंद करून मिळेल का? तासभर ऐकून डोकं दुखतं.

उत्तर : 80 च्या वर थांबून थांबून बीप आणि 120 च्या वर सलग, हा 2019 च्याच नियमातला भाग आहे, त्याला बंद करायचं बटण देत नाहीत. समृद्धीवर 80 ची बीप टोचते हे मला मान्य आहे, मलापण टोचते. गाडीला रस्ता कळत नाही, समृद्धी आहे का जालना-मंठा आहे हे तिला कुठं माहीत. आणि सारखा वाजणारा आवाज कान ऐकायचं सोडतो हेपण खरंय, दवाखान्यात आयसीयूत मशिनी सारख्या वाजतात म्हणून तिथल्या सिस्टरांना खऱ्या धोक्याचा आवाजसुद्धा कानाआड होतो, त्याला अलार्म फटीग म्हणतात आणि डॉक्टर लोक ते गंभीरपणे घेतात. म्हणून नियम करणाऱ्यांनी पुढं रस्त्याची लिमिट ओळखून बीप करणारी सोय सगळ्या गाड्यांत आणावी, काही महाग गाड्यांत ती आहेच.

पण आज तुमच्या गाडीत बंद करून मी देणार नाही आणि कोणाकडून करून घेऊ नका. बहुतेक गाड्यांत मीटरच्या मागं एकच बारका स्पीकर असतो, बेल्ट, दार उघडं, हँडब्रेक, ओव्हरस्पीड, सगळं त्यातूनच वाजतं. मेकॅनिक "बंद केलं" म्हणतो तेव्हा त्यानं तो स्पीकरच मारलेला असतो. मग मागचं दार नीट लागलेलं नाही आणि लेकरू दाराला टेकलंय, हेपण तुम्हाला ऐकू येणार नाही.

आणि त्या 80 च्या बीपचा एक उपयोग करून घ्या. 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, 120 ला 33. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, मग ब्रेकचं अंतर वेगळं, एकूण धरलं तर 120 वरून थांबायला 80 च्या जवळपास दुप्पट रस्ता लागतो. समृद्धी सरळ आहे, सिमेंटचा आहे, दुतर्फा काही नाही, तासाभरानं डोळे उघडे आणि मेंदू झोपलेला अशी अवस्था होते, स्पीड किती झाला कळतच नाही. बीप कानावर आली की मीटरकडं एक नजर टाकायची, एवढी सवय लावा. आणि बीप ऐकू यायचीच बंद झाली असं वाटलं, म्हणजे गाडी 100 वर आहे आणि तुम्हाला शांत वाटायलंय, तर पुढच्या थांब्यावर उतरा, तोंडावर पाणी मारा, चालून या. तो तुमचा कान नाही, झोप आहे.

प्रश्न (परभणी जिल्हा, खेड्यातून) : गाडीला रिव्हर्स सेन्सर आहे. दिवाळीत वाड्यातून गाडी मागं घेताना सेन्सर वाजला नाही आणि भावाचा तीन वर्षांचा मुलगा मागं खाली बसलेला होता. वहिनी ओरडली म्हणून थांबलो, हातभर अंतर राहिलं होतं. तेव्हापासून झोप लागत नाही. सेन्सर खराब असेल का?

उत्तर : दादा, आधी हे, तुम्ही ओरडणं ऐकलं आणि पाय ब्रेकवर गेला. काच खाली होती म्हणून ऐकलं असणार. ती सवय आयुष्यभर सोडू नका, रिव्हर्सला काच खाली आणि गाणी बंद.

सेन्सर खराब असेलच असं नाही, हेच सांगायचंय. बंपरवर नाण्याएवढ्या गोल टिकल्या असतात ना, त्या वटवाघळासारखं काम करतात, आपल्या कानाला न येणारा आवाज सोडतात आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. साधारण दीड मीटरपासून वाजायला सुरू, जवळ जाल तशी टींटीं जलद, आणि वीत-दीड वीत राहिलं की सलग. पण बंपर जमिनीपासून दोन फुटाच्या आसपास. त्याच्या अगदी जवळ आणि खाली बसलेलं लेकरू त्या आवाजाच्या वाटेतच येत नाही, आवाज डोक्यावरून जातो. बारीक खांब, तारेचं कुंपण, खाली झुकलेली उसाची टोकं, कापसाचा ढीग, हे पण नीट दिसत नाहीत, कारण आवाज एकतर निसटून जातो नाहीतर मऊ वस्तूत जिरतो.

आणि आपली काळी माती. पावसाळ्यात शेतातून गाडी आली की ती टिकलीवर अशी बसते की वाळल्यावर खवल्यासारखी होते, मग सेन्सर एकतर उगाच वाजत राहतो किंवा गप्प बसतो. उगाच वाजणाराच जास्त वाईट, कारण चार दिवसांनी माणूस "वाजतंय ते वाजू दे" म्हणत तसाच गाडी मागं घेतो. जुना मऊ टूथब्रश आणि साधं पाणी, एकेक टिकली गोल फिरवून धुवा, टोकदार काही लावू नका, प्रेशरचा पाइप एकदम जवळून मारू नका. मग गाडी रिव्हर्सला टाकून, हँडब्रेक ओढून, घरच्या कोणाला तरी बादली घेऊन एकेका टिकलीसमोर यायला सांगा. वाजायला पाहिजे. त्यानंतर तीच बादली बंपरच्या अगदी खाली सरकवून ठेवा आणि वाजतं का बघा. बहुतेक वाजणार नाही. हे घरातल्या सगळ्या गाडी चालवणाऱ्यांना दाखवा, सांगून पटत नाही, बघितलं की पटतं.

वाड्यातला नियम एकच करा, गाडी चालू करायच्या आधी मागून एक चक्कर मारायची, आणि लेकरं कोणाच्या तरी हाताला धरलेली दिसल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. कॅमेरा बसवून घ्या, जमत असेल तर. पण चक्कर सोडू नका.

प्रश्न (नांदेड) : वडील 68 वर्षांचे, गाडी चांगली चालवतात, पण कुठलीच बीप त्यांना ऐकू येत नाही, आम्ही मागून सांगतो तेव्हा कळतं. बोललेलं मात्र ऐकू येतं. असं कसं?

उत्तर : असंच होतं. वयानुसार कानातून आधी बारीक, उंच आवाज जातात, जाड आवाज राहतात. गाडीतल्या बऱ्याच बीपा बारीक पट्टीतल्या असतात. वडील शेतकरी असतील आणि ट्रॅक्टर चालवलेला असेल तर आणखी लवकर, उघड्या ट्रॅक्टरच्या आवाजानं वर्षानुवर्षं कान मार खातात. सरकारी दवाखान्यात कानाची तपासणी करून घ्या, मशीन सांगितलं तर लाजू देऊ नका. काही गाड्यांत सेटिंगमधे बीपचा आवाज वाढवता येतो, तो पूर्ण वाढवा. आणि मीटरवरच्या लाईटी त्यांना एकदा शांतपणे बसून शिकवा, कारण प्रत्येक महत्त्वाच्या आवाजाबरोबर लाईट पण लागते. लाल बेल्ट, लाल दार, लाल हँडब्रेक. कान गेला तरी डोळे आहेत.

प्रश्न (धाराशिव) : तुळजापूरला जाताना घाटात एकदम जोरात बीप झाली आणि थर्मामीटरसारखी लाल लाईट लागली. ड्रायव्हर म्हणाला पाच किलोमीटरच राहिलंय, पोचू. पोचलो पण इंजिनचं चाळीस हजाराचं काम निघालं. त्या आवाजाला थांबायलाच पाहिजे होतं का?

उत्तर : हो, तिथल्या तिथं. पिवळी लाईट म्हणजे दोन-चार दिवसांत दाखवा, लाल लाईट आणि वर आवाज म्हणजे आत्ता बाजूला घ्या, हे सगळ्या कंपन्यांचं सारखंच आहे. तुमची लाईट इंजिन तापल्याची होती. एप्रिल-मे मधे आपल्याकडं 42-43 डिग्री, एसी चालू, गाडी भरलेली आणि वर चढ, त्यात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, कमी असलं की होणारच. अशावेळी गाडी बाजूला घ्यायची, एसी बंद, इंजिन बंद, बॉनेट उघडून ठेवायचं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं, भाजलेली माणसं मी बघितलीत. अर्धा-पाऊण तास थांबून, झाकणाला हात सहज टेकवता आला की मग जाड फडक्यानं हळू उघडायचं आणि कूलंट टाकायचं. रस्त्यावर कूलंट नसेल तर साधं पाणी चालतं, पण नंतर गॅरेजात ते काढून कूलंट भरून घ्या. तेलाच्या कॅनसारखी लाल लाईट लागली तर मात्र अर्धा किलोमीटरसुद्धा पुढं जाऊ नका, इंजिन लगेच बंद करा आणि टोचन लावून आणा.